भिंतीवरच्या गोवऱ्या

थप्प. जरा थांबून पुन्हा थप्प.

ओल्या शेणाचा गोळा मातीच्या भिंतीवर बसतो तेव्हा होणारा हा आवाज खुशालरावांनी लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात, हिवरखेडच्या घरी, अंथरुणात पडल्या पडल्या ऐकला होता. आणि पुढं कितीतरी वर्षं सकाळ म्हटलं की त्यांना कोंबड्याच्या आधी तोच आठवायचा. गोठ्याच्या मागच्या भिंतीवर मनकर्णा गोवऱ्या थापायची. शेजारची जाईबाईही त्याच भिंतीवर थापायची, कारण ऊन तिथंच चांगलं पडे. आणि वाळलेल्या गोवऱ्या काढायच्या दिवशी दोघींचं हटकून वाजायचं. मग मनकर्णा एक गोवरी उचलून जाईबाईच्या नाकासमोर धरायची.

"हे पाय बोट. हाय काय तुह्या हाताले असं?"

"देवानं तुहं एक पेर नेलं," जाईबाई म्हणायची, "तं तू सारी भिंतच नावावर करून घेतली वं!"

मनकर्णेच्या उजव्या हाताचं मधलं बोट आखूड होतं. लहानपणी तिवस्याला, माहेरी कडबा कापताना वरचं पेर गेलं होतं. मुलगी पाहायला गेले तेव्हा तिच्या घरच्यांनी तो हात पदराखालून बाहेर येऊ दिला नव्हता. लग्नात हातात हात दिला तेव्हाच खुशालरावांना ते कळलं. त्यांनी काही न बोलता त्या आखूड बोटाचं टोक हलकेच दाबलं होतं, आणि तेव्हा तिनं पहिल्यांदा मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं होतं. त्या दोघांत बोलणं सुरू झालं ते असं, बोलल्याविना.

आता हिवरखेड सुटलं होतं. मुलानं, कुलदीपनं, सोलर पंपांच्या धंद्यात जम बसवून अमरावतीत घर बांधलं आणि दोघांना तिकडे आणलं. घर चांगलं होतं. दिवाणखान्याची एक भिंत तर दोन मजले उंच, राखाडी सिमेंटची, मुद्दाम गिलावा न करता ठेवलेली. खुशालरावांना वाटलं होतं की काम अर्धवट राहिलं असावं. पण सून आरती म्हणाली, हीच फॅशन आहे, आणि या भिंतीवर आपल्याला काहीतरी आपल्या मातीतलं लावायचं आहे. त्यासाठी अकोल्याहून अजहर नावाचा मुलगा यायचा. घरं सजवण्याचं शिकून आलेला, बोलायला गोड.

एके दिवशी त्यानं टेम्पो भरून खोकी आणली आणि भिंतीवर तपकिरी रंगाच्या गोल गोल चकत्या बसवायला सुरुवात केली. कुठं दाट, कुठं विरळ, खालून वर पसरत गेलेल्या, आणि प्रत्येकीवर हाताच्या पंजाचा ठसा. वरून पिवळा दिवा सोडला तेव्हा प्रत्येक बोटाच्या खळगीत सावली भरली.

मनकर्णाबाई स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या आणि पाहतच राहिल्या.

"हे कायचं हाय बाप्पा?"

"वॉल आर्ट, आजी," नात आचल म्हणाली.

"आरट? अवं, ह्या तं गोवऱ्या हायेत!" त्यांनी तोंडाला पदर लावला, पण हसू पदरात मावेना. "काहून रे पोरा, चुलीत घातल्या तं पेटतील काय?"

"नाई अम्मा," शिडीवरून अजहर म्हणाला. "भट्टीतूनच भाजून निघाल्या. आता काय पेटतात!"

"मंग काय कामाच्या?"

सगळे हसले. मनकर्णाबाईंनी जवळ जाऊन एका चकतीवर आपला पंजा ठेवून पाहिला. चार बोटं बसली. मधल्या बोटाच्या वर रिकामी खळगी उरली.

"मले नाई बसत हे. कोनाचा हात हाय?"

"कोनाचाच नाई. साचा हाय. साऱ्या सारख्या."

"कोनाचाच नाई," त्या स्वतःशीच म्हणाल्या आणि पुन्हा आत गेल्या.

वास्तूच्या दिवशी घर माणसांनी भरलं. कुलदीपनं वडिलांना नवं जाकीट शिवून आणलं होतं. ते घालून खुशालराव सोफ्यावर अवघडून बसले होते. शेजारी येऊन बसल्या सीमा मॅडम, कुलदीपला अकोल्याकडची मोठी कामं मिळवून देणाऱ्या. भिंतीचं कौतुक करून झालं, खुशालरावांच्या तब्येतीची चौकशी झाली. इतक्या मोठ्या बाईनं आपल्याला काका म्हणून विचारावं, याचं खुशालरावांना बरं वाटत होतं. तेवढ्यात मनकर्णाबाई पाण्याचा ट्रे घेऊन आल्या. आचाऱ्याला कामाला लावून स्वतः बसून राहणं त्यांना जमलंच नसतं. पदर खोचलेला, लुगड्यावर हळदीचा डाग.

"ही बाई कायमची आहे का हो काका तुमच्याकडे?" सीमा मॅडमनी पेला उचलत विचारलं. "आमच्याकडे टिकतच नाही कुणी."

एक शब्द पुरला असता. पण मॅडम इतक्या सहज बोलल्या होत्या की त्यांची चूक दाखवणं म्हणजे त्यांना चारचौघांत खाली पाहायला लावणं झालं असतं, असं खुशालरावांना वाटलं. निदान त्या क्षणी त्यांनी स्वतःला तसंच सांगितलं. खरं म्हणजे त्यांची नजर त्या हळदीच्या डागावरून आपल्या नव्या जाकिटाकडे गेली होती.

"हो," ते म्हणाले. "गावाकडची हाय. चांगली हाय कामाले."

ट्रे त्यांच्यासमोर आला. त्यांनी पेला घेतला. मनकर्णाबाई क्षणभर उभ्या राहिल्या, आणि मग पुढच्या पाहुण्याकडे वळल्या.

आता ही आपल्याला सोडणार नाही, असं खुशालरावांना वाटलं होतं. गप्प बसणारी बाईच नव्हती ती. भांडली असती, चार शिव्या घातल्या असत्या, तर ते मुकाट ऐकून घेणार होते. त्यांना ते हवंच होतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्यासमोर चहाचा कप आला आणि शांत आवाज आला, "चहा घ्या जी."

जी! शेतात निंदणीला येणाऱ्या बाया धुऱ्यावर, बांधावर उभ्या राहून म्हणायच्या तसं. त्यांनी मान वर केली तेव्हा ती पाठमोरी झालेली होती. टोमणा मारून राहिली, असं त्यांनी मनाशी म्हटलं. पण त्या आवाजात टोमणा नव्हता, हेही त्यांना कळलं होतं.

त्याच सकाळी, भिंतीसमोर नेहमीसारखे बसले असताना, खालच्या ओळीतल्या एका चकतीचं मधलं बोट त्यांना आखूड दिसलं.

टवका उडाला असेल म्हणून त्यांनी बोटानं चाचपून पाहिलं. टवका नव्हता. खळगी जिथं संपत होती तिथं कड गोल होती, गुळगुळीत, वरून चकाकी चढलेली. भट्टीतूनच तशी आल्यासारखी. आरतीच्या लक्षात आल्यावर तिनं अजहरला फोन केला, आणि तो येऊन ती चकती बदलून गेला. काही दिवसांत बदललेली चकतीही तशीच झाली, आणि तिच्या शेजारच्याही. आखूड बोटं भिंतीवर खालून वर चढत चालली होती.

अजहर पुन्हा आला तेव्हा घरात फक्त म्हातारा-म्हातारीच होती. त्यानं रुमालानं एकेक चकती पुसून पाहिली. त्याचं गोड बोलणं बंद झालं होतं.

"काका, साचा एकच हाय. मी सोता काढल्या साऱ्या. असं निघूच शकत नाई." मग तो स्वयंपाकघराकडे पाहून हळू आवाजात म्हणाला, "त्या दिवशी अम्मानं हात लावून पाहिला होता ना? त्यांचं बोट असंच हाय ना?"

आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता. हो म्हटलं असतं तर अजहरनं तिला बाहेर बोलावलं असतं, हात दाखवा म्हटलं असतं. भिंतीवरचे ते सगळे हात आणि तिचा हात एकदम आपल्यासमोर येतील, आणि मग तिच्या तोंडाकडे पाहावं लागेल.

"तुले भास झाला असंन बापू," खुशालराव म्हणाले. "तिचं बोट चांगलं हाय."

आतली थाप थांबली. थोड्या वेळानं पुन्हा सुरू झाली. पण ती आता एकसारखी पडत होती, न चुकता, एखाद्या यंत्रासारखी.

त्या दिवसापासून तिनं हात पदराखाली ठेवायला सुरुवात केली. ताट ठेवताना पदराआडून, पाणी देताना पदराआडून. खुशालरावांनीही त्या हाताकडे कधी पाहिलं नाही. पण समोर आलेली भाकरी दिसतेच. आजवर तिच्या भाकरीवर कडेनं बोटांच्या पुसट खुणा असायच्या. चार लांब आणि एक अपुरी. आता भाकरी गोल असायची, निर्मळ असायची, आणि तिच्यावर काहीही नसायचं. चवही तीच होती काय, ते त्यांना सांगता आलं नसतं.

मग एकदा कुलदीप तिला बँकेत घेऊन गेला आणि परत येऊन जेवताना हसत हसत सांगू लागला, "मायचा अंगठाच उमटेना बा! मशीन म्हणते, असं कोणी नाहीच. तिथला पोरगा म्हणे, माय, भांडे घासणं बंद करा आता, रेघा झिजल्या."

"म्हाताऱ्या माणसांचं होतं तसं," आरती म्हणाली. "आई, उद्यापासून तुम्ही भांड्यांना हात लावायचा नाही."

"हो जी," मनकर्णाबाई म्हणाल्या. सुनेला!

आरतीला वाटलं, सासूबाई थट्टा करताहेत. ती हसली. खुशालरावांच्या हातातला घास तसाच राहिला.

आपल्याला काय करायचं आहे हे त्यांना कळत होतं. स्वयंपाकघरात जायचं आणि म्हणायचं, मी चुकलो. एवढंच. दुपारी घर रिकामं झालं की ते उठायचे आणि दारापर्यंत जायचे. ती ओट्याशी पाठमोरी उभी असायची. हीच ती पाठ, हाच तो अंबाडा; पण उंबऱ्यावर उभं राहिलं की परक्या घरात आल्यासारखं वाटायचं.

"काही पाहिजे होतं जी?"

"पाणी," ते म्हणायचे, आणि पिऊन परत यायचे.

सीमा मॅडम पुन्हा आल्या त्या अशाच एका दुपारी. अकोल्यात त्यांचं नवं घर होत होतं. भिंत पुन्हा एकदा नीट पाहायची होती. कुलदीप वरच्या खोलीत फोनवर बोलत होता. मॅडम भिंतीजवळ गेल्या, मागे झाल्या, मान वर करून वरच्या टोकापर्यंत पाहत राहिल्या. आता एकही चकती पहिल्यासारखी उरलेली नव्हती.

"बदलल्या वाटतं? आता किती खऱ्या वाटतात! मागच्या वेळी नुसते ठसे होते. आता कुणीतरी खरंच थापल्यासारखं वाटतं." त्या वळल्या. "हात कुणाचा आहे हो काका हा?"

खुशालराव उठून उभे राहिले. गेले कित्येक दिवस छातीवर बसलेलं ओझं एकदम हललं.

"माह्या बायकोचा," ते म्हणाले.

"अय्या! मला कुणी बोललंच नाही. कुठं असतात त्या? भेटवा ना."

"मनकर्णा!" त्यांनी हाक मारली. परक्या माणसासमोर, नाव घेऊन, आयुष्यात पहिल्यांदा. आजवर ती कुलदीपची माय होती.

मनकर्णाबाई आल्या. हातात ट्रे, त्यात पाण्याचा एकच पेला, पाहुणीपुरता. पदर दोन्ही हातांवरून खाली आलेला.

"ही," खुशालराव म्हणाले.

सीमा मॅडम हसल्या. मग खुशालरावांचा चेहरा पाहून हसायच्या थांबल्या. "काका, ही तर तुमची ती बाई ना? गावाकडची?"

"बाई नाई. मी खोटं बोललो होतो त्या दिवशी. मले लाज वाटली तिची. ही माही बायको हाय, मनकर्णा. माह्यासोबत सारा जन्म काढला तिनं." त्यांना आता थांबायचं नव्हतं. "तुमाले खरं नाई वाटत? बोट पाहा. भिंतीवर जसं हाय तसंच हाय. गावात कोनालेही विचारा. हिच्या बोटावरून गोवरी वळखत लोक."

त्यांनी तिच्या हातातला ट्रे काढून टेबलावर ठेवला, पदराखालून तिचा उजवा हात बाहेर घेतला, आणि लग्नाच्या दिवशी जसं चाचपलं होतं तसं, न पाहताच, मधल्या बोटाचं टोक शोधलं.

ते त्यांना तिथं सापडलं नाही. त्याच्या वर, पेरभर वर, सापडलं.

त्यांनी खाली पाहिलं. पाचही बोटं पूर्ण होती. तळवा कणकेच्या उंड्यासारखा मऊ, आणि त्यावर एकही रेघ नव्हती.

"काका," सीमा मॅडम अगदी हळू, म्हाताऱ्या माणसांशी बोलतात तशा आवाजात म्हणाल्या, "बोट तर चांगलं आहे हो त्यांचं. तुम्ही बसा बरं जरा."

खुशालरावांनी ते टोक हलकेच दाबलं. तिनं मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. नजरेत राग नव्हता, दुःख नव्हतं. पुढचं काम काय ते सांगायची वाट पाहावी तेवढंच होतं. त्यांना काही सांगता येईना, हे दिसल्यावर तिनं हात सावकाश सोडवून घेतला, पाहुणीसमोर पेला ठेवला, रिकामा ट्रे उचलला, आणि त्या भिंतीखालून आत निघून गेली.