आंधळ्या इस्त्रीवालीचा शेवट

मंगळवारची दुपार माझी होती. विलारिकात जेवणं झाली की सगळं गाव आडवं होतं, कुत्रीसुद्धा. माझी दोन पोरं मात्र नेमकी तेव्हाच ताजीतवानी. म्हणून दर मंगळवारी झुनिल्दा यायची आणि दोघांना आपल्या घरी घेऊन जायची. माझ्या थोरल्या निन्फाचा बाप्तिस्मा झाला तेव्हा तिला हातांत धरणारी हीच. त्या दिवसापासून आम्ही दोघी एकमेकींना ‘कोमाद्रे’ म्हणत होतो, आणि निन्फा तिला ‘माद्रिना’, म्हणजे धर्माची आई. हे नातं सख्ख्या बहिणीपेक्षा जड. बहिणीशी भांडता तरी येतं; कोमाद्रेशी भांडण म्हणजे पाप, असं माझी आई सांगायची.

त्या दोन तासांत मी एक गोष्ट लिहीत होते. तीन वर्षं. एक आंधळी इस्त्रीवाली, कॉलरला हात लावून शर्ट कोणाचा ते ओळखणारी. तिचा मुलगा नदीत बुडून गेलाय. एक दिवस सून त्याचाच शर्ट इस्त्रीला आणते, नव्या नवऱ्यासाठी. म्हातारीचा हात कॉलरवर पडतो, आणि तिथंच माझं घोडं अडलेलं. पुढे ती काय करते ते मलाच कळेना.

“शर्ट जाळून टाक म्हणावं, आणि तू स्वयंपाकाला लाग,” माझा नवरा क्रिस्पिन म्हणायचा.

वहीत अडलं की मी पोरांना आंघोळ घालताना ती गोष्ट सांगायची. सहा वर्षांची निन्फा त्यात भर घालायची. “पाद्रीबाबांचा शर्ट ती कसा ओळखते सांगू? खिशात संत्र्याच्या साली असतात!” मी तेही लिहून घेतलं. धाकट्या तादेओला फक्त इस्त्रीचा ‘फुस्स’ आवाज काढायला आवडायचं.

नोव्हेंबरात, ऐन उकाड्यात, कथास्पर्धेचा निकाल होता. आमच्याकडे गोष्ट टोपणनावानं पाठवतात. खरं नाव बंद पाकिटात असतं, ते निकालाच्या दिवशी सगळ्यांसमोर फोडतात. मी काही पाठवलं नव्हतं. शेवट नसलेली गोष्ट काय पाठवणार? पण झुनिल्दा म्हणाली, “चल गं. सभागृह थंडगार असतं, वर फुकटचा गरम चिपा, चीज घातलेला पाव. पोरांनाही घे.”

परीक्षकबाई उठल्या. “पहिलं बक्षीस. टोपणनाव, निन्फा.”

“मी!” निन्फा खुर्चीवर उभी राहिली. सगळे हसले.

बाई वाचायला लागल्या. आंधळी बाई. कोळशाची इस्त्री. कॉलर. मी सोबत आलेल्या क्रिस्पिनकडे पाहिलं. हा माणूस! चोरून माझी वही पाठवली की काय यानं? माझे डोळेच भरून आले. मी त्याचा दंड दाबला.

“काय झालं? बाथरूमला जायचंय?” तो कुजबुजला.

“आई, संत्र्याच्या साली!” निन्फा ओरडली. “आपली गोष्ट!”

मग सून शर्ट घेऊन आली. म्हातारीचा हात कॉलरवर पडला. पुढचं मला ठाऊक नव्हतं. म्हातारीनं शर्टाला नीट इस्त्री केली. वरचं एक बटण नव्हतं. आपल्या झग्याचं तोडून तिनं ते तिथं शिवलं आणि सुनेला म्हणाली, “गळा उघडा टाकून नदीवर जाऊ नको म्हणावं. वारा लागतो.”

सगळ्यांत आधी माझ्या मनात काय यावं? शेवट चांगला आहे. फार चांगला आहे. सांगायला लाज वाटते, पण आलं ते हेच.

पाकीट फुटलं. झुनिल्दा माझ्या शेजारूनच उठली. जाताना स्वतःची पर्स माझ्या मांडीवर ठेवून गेली.

बाहेर आवारात मी तिला गाठलं. “कोमाद्रे, हे काय?”

“अगं, पोरीनं सांगितलं मला. मंगळवारी थोडं थोडं. तोंडोतोंडी फिरणारी गोष्ट, ती काय कुणाच्या बापाची?”

“माझी होती.”

“तुझी होती तर संपवायची होतीस! तीन वर्षं त्या म्हातारीला हात पुढे करून ताटकळत ठेवलीस. आणि नाव दिलंय ना तुझ्याच लेकीचं?” तिच्या डोळ्यांत पाणी आलं. खरं पाणी. “तुला दोन तास निवांत मिळायचे. मी तुझी पोरं सांभाळत लिहिलंय.”

तिची पर्स अजून माझ्याच हातात होती; ती मी तिला दिली.

“पोलिसांत जायचं की तिला जेवायला बोलवायचं, ते एकदा ठरव,” घरी येताना क्रिस्पिन म्हणाला.

पुढच्या मंगळवारी ती नेहमीच्या वेळी दारात उभी. “येऊ का?” असं तिनं आजवर कधी विचारलं नव्हतं. निन्फा धावत सुटली. पोरीची माद्रिना तोडणं माझ्या हातात नव्हतं. ते देवासमोर झालेलं. पण निन्फाला रिबन बांधायला आत ओढून मी तिच्या कानात म्हटलं, “घरातलं काही सांगायचं नाही माद्रिनाला. आईच्या गोष्टी तर मुळीच नाही.”

“मग काय बोलू?”

“काही नको बोलू.”

तिनं जरा विचार केला. “मी सांगितलं म्हणून झालं का सगळं?”

“नाही गं,” मी म्हटलं. पण म्हणायला मला उशीर झाला.

खिडकीतून मी बघत राहिले. तांबड्या मातीच्या रस्त्यानं तिघं चालली होती, तादेओ झुनिल्दाच्या कडेवर. झुनिल्दा वाकून काही विचारत होती, हसत होती, पुन्हा विचारत होती. माझी चुरूचुरू बोलणारी पोर दोन्ही ओठ आत घेऊन चालली होती. कोपऱ्यापर्यंत एक शब्द नाही. तिथं पोचल्यावर ती वळली आणि तिनं माझ्याकडे पाहिलं, जणू विचारत होती: बरोबर करतेय ना?

मी मान डोलावली.