बाबाजानच्या मापाची सायकल

फरहीनने पुण्याहून सायकलची नुसती फ्रेम आणली, तेव्हा ती मोडकीच आहे असं बाबाजानना वाटलं. जुन्या चादरीत गुंडाळलेला तो हिरवट सांगाडा तिने केडगावच्या घराच्या पोर्चमध्ये ठेवला, चादर सोडली आणि एका हाताने उचलून दाखवला. उचलल्याबरोबर त्याचा मागचा अर्धा भाग लंगड्या शेळीच्या पायासारखा लोंबायला लागला.

"बेटा, ही तर मधूनच तुटल्याय," ते म्हणाले. "ज्यानं इकली त्यानं फसवलं तुला."

फरहीन हसली. "तुटलेली नाही अब्बा. हिला मुद्दाम सांधा ठेवलाय. पुढचं चाक वेगळं हलतं, मागचं वेगळं. मध्ये शॉकअप बसला की उभी राहील."

बाबाजान खाली वाकले आणि त्या सांध्यावर बोट फिरवत राहिले. सारी उमर एसटी चालवलेला माणूस. तारकपूर डेपोतून वांबोरी, पारनेर, जामखेड, जिकडे ड्युटी लागेल तिकडे. रिटायर होऊनही स्टँडवरची गाडी बघितली की तिच्या चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे दबलेत का, हे आधी त्यांच्या नजरेला दिसायचं. पण सायकल म्हणजे त्यांच्या लेखी देवळाली प्रवराला असताना उसाच्या बांधावरून दामटलेली ती काळी, ताठ सायकल. तिचं चाक खड्ड्यात गेलं की धक्का थेट दाढेपर्यंत पोचायचा. सायकलीच्या पोटात शॉकअप? हे त्यांनी कधी ऐकलं नव्हतं.

फरहीन एमआयडीसीतल्या एका कंपनीत मशीनच्या भागांची डिझाइनं करायची. दोन-तीन वर्षांपासून पुण्याच्या मैत्रिणींबरोबर डोंगरात सायकल चालवायचं वेड तिला लागलं होतं. तिथे ती दुसऱ्याची सायकल मागून घ्यायची. आता स्वतःची बांधणार होती. तयार का घेत नाहीस, असं आईने, खुर्शीदबींनी विचारलं तर म्हणाली, "तयार सायकल कुणा तरी भलत्याच माणसाच्या मापाची असते, अम्मी."

मग पोर्चमध्ये खोकी येऊ लागली. बाबाजान खुर्ची टाकून बसायचे आणि बघायचे. पहिल्यांदा तिने फ्रेमच्या सांध्यांतली जाम झालेली बेअरिंगं ठोकून काढली आणि नवी दाबून बसवली. शॉकअप आला, तर त्याच्या टोकाच्या भोकातला बुश, म्हणजे धातूची छोटी नळी, फ्रेमला बसेना. साहेबांना विचारून तिने कंपनीच्या लेथवर स्वतः नवा बुश कातून आणला. तो अंगठ्याने दाबताच असा सरकत आत गेला, की बाबाजानच्या तोंडून आपसूक "वा" निघालं. डेपोत त्यांनी घण मारून बसवलेले बुशच बघितले होते.

चाकंही तिने स्वतःच विणली. खुर्शीदबींनी आधी बजावलं होतं की स्वयंपाकघरात सायकलचं काही आणायचं नाही. पण पोर्चमध्ये वारा सुटला तसं चाक स्वयंपाकघरातल्या टेबलावर आलंच. एकेक तार या बाजूने त्या बाजूला ओवत जायची, एकीवरून एक घ्यायची. सुरुवातीला नुसता पसारा दिसायचा. मग एका वळणावर त्या पसाऱ्याचं अचानक चाक झालं. फरहीनने ते फिरवलं आणि सगळ्या तारा विरघळून हवा झाल्यासारख्या दिसल्या. खुर्शीदबी हातातली पोळी तशीच धरून उभ्या राहिल्या.

"या काड्या माणसाला उचलतात?" त्यांनी विचारलं.

"उचलत नाहीत अम्मी, टांगून धरतात. वरच्या तारा ताणतात म्हणून माणूस खाली पडत नाही."

"या अल्ला," खुर्शीदबी म्हणाल्या, आणि पुन्हा एकदा चाक फिरवायला लावलं.

एका संध्याकाळी फरहीन टेप घेऊन बाबाजानसमोर आली. "अब्बा, उभे राहा. भिंतीला पाठ लावा."

त्यांनी लावली. तिने पायाची आतली लांबी मोजली, हात मोजला, खांद्याची रुंदी मोजली. मग खाली बसून म्हणाली, "आता डावा गुडघा जेवढा दुखल्याशिवाय वर येतो तेवढाच उचला."

डाव्या गुडघ्याने क्लच दाबण्यात आयुष्य काढलं होतं. तो कमरेपर्यंत यायच्या बराच आधी थांबला.

"माझा गुडघा कशाला मोजतीस?"

"पायडलचा दांडा त्याच्याएवढाच घ्यायचाय. लहान दांडा असला की पाय कमी वर येतो. गुडघा दुखणार नाही."

बाबाजान भिंतीला पाठ लावून तसेच उभे राहिले. "म्हंजे ही..."

"दोघांची आहे," फरहीन मान वर न करता म्हणाली. "पण माप तुमचं. मी जुळवून घेईन. तुम्ही डोंगरगणच्या घाटाचं सांगायचात ना? टेकडीवरून ती शेळ्यांची वाट खाली उतरते, जाता-येता बघायचो, पण बस थोडीच तिकडं वळते, म्हणून?"

बाबाजान पोर्चमध्ये जाऊन उगाच खोकी एकावर एक रचत बसले. डेपोत कुठली गाडी मिळेल ते आपल्या हातात नसायचं. कुणाचं सीट पुढे अडकलेलं, कुणाचं स्टेअरिंग जड, कुणाचा क्लच उभं राहून दाबावा लागायचा. गाडीत चढायचं आणि गाडीसारखं व्हायचं, हीच नोकरी. एखादं यंत्र आपल्यासारखं होईल, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

सायकल उभी राहिली तेव्हा शॉकअपमध्ये स्प्रिंग नाही, नुसती हवा आहे, हे त्यांना कळलं.

"शिवनेरी बसला खाली हवेचे फुगे असतात तसं?"

"तसंच. पण हवा किती ते तुमच्या वजनावर. या, बसा. हेल्मेट घाला, पाण्याची पिशवीपण घ्या पाठीवर, त्याचंही वजन धरायचंय."

त्यांनी भिंत धरली आणि सीटवर बसले. सायकल त्यांच्याखाली हलकेच दबली आणि थांबली, ओळखीच्या माणसाने मान लववावी तशी. शॉकअपच्या दांड्यावर, तो किती दबला ते दाखवणारी एक रबराची कडी होती, ती सरकून खाली आली. फरहीनने ती बघितली, लहानशा पंपाने थोडी हवा भरली, पुन्हा बसवलं, थोडी काढली. "झालं. आता हिला तुमचं वजन माहीत आहे."

केडगावच्या गल्लीतल्या गतिरोधकावरून ते पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांनी दात आवळून धरले. दाढेपर्यंत काहीच आलं नाही. चाक वर गेलं, खाली आलं, आणि ते होते तिथेच राहिले. त्यांनी सायकल वळवली आणि पुन्हा गेले. मग पुन्हा. शेजारचे गहिनीनाथ पाटील दारात चहा पीत उभे होते. ते म्हणाले, "बाबाजान, गतिरोधक झिजवता का काय?"

"पाटील, हिच्या खालून रस्ता जातो, पण अंगाला लागत न्हाई," बाबाजान म्हणाले. आपण काय बोललो ते पाटलांना कळलं नाही, हेही बाबाजानना कळलं. पण याहून नीट सांगता येईना.

रविवारी उजाडताना दोघं सायकल टेम्पोत टाकून डोंगरगणला गेली. वरपर्यंत सायकल ढकलत नेली. टेकडीच्या माथ्यावर पिवळं गवत वाऱ्याने एका दिशेला झोपलं होतं, आणि खाली घाटाचा रस्ता दोरीसारखा पडला होता. ज्या रस्त्यावरून आपण आयुष्यभर वर बघितलं, तो वरून एवढासा दिसतो, हे बाबाजानना आज कळलं.

फरहीनने त्यांच्या गुडघ्याला, कोपराला पॅड बांधले. "हळू. मी पाठीमागून पळत येते. सीट खाली करा, हे बटण दाबून. पायडलवर उभे राहा. सीटवर बसायचं नाही."

"ड्रायव्हरला उभं राहायला सांगतीस," म्हणत ते निघाले.

पहिला उतार बरा गेला. मग खडकाची एक पायरी आली. पुढचं चाक उतरलं, मागचं उतरलं, आणि पुढच्याच दगडाला मागचं चाक असं उसळलं की बाबाजान हँडलवरून गवतात जाऊन पडले. फरहीन किंचाळत आली. ते उताणे पडले होते आणि आभाळाकडे बघत होते.

"लागलं? अब्बा, कुठे लागलं?"

"लाथ मारली तिनं," ते म्हणाले. उठून बसले, हातपाय हलवून बघितले. कोपराचा पॅड फाटला होता, बाकी सगळं जागेवर होतं. "जू ठेवलेल्या खोंडासारखी लाथ मारली. धक्का चांगला गिळला हां. पण गिळला आणि लगेच ओकला."

फरहीनने कपाळावर हात मारला. "माझी चूक. शॉकअपचा दबून परत यायचा वेग जास्त राहिलाय. मी माझ्या वजनावर ठेवला होता तो." तिने शॉकअपवरची लाल चकती थोडी फिरवली. "आता धक्का गिळेल आणि सावकाश सोडेल. पण आज नको, अब्बा. घरी जाऊ."

"घरी जाऊन काय सांगू तुझ्या अम्मीला? लाथ खाऊन आलो?"

"अब्बा..."

"एकदाच. ती पायरी मला आता कळली."

दोघांनी सायकल पुन्हा वर ढकलली. सूर्य आता टेकडीच्या खांद्यावर आला होता.

या वेळी बाबाजान गडबडीने निघाले नाहीत. गाडी सुरू करून इंजिनचा आवाज ऐकत क्षणभर बसावं, तसे थांबले. मग ब्रेक सोडला. पायरी आली. पुढचं चाक उतरलं, मागचं उतरलं, आणि खालून काहीतरी मऊ श्वास सोडल्यासारखा आवाज झाला. दगड आला आणि गेला. पुढे दगडांची रांगच होती, जिथून शेळ्याही बाजूने गेल्या असतील. सायकल त्यांच्यावरून पाण्यासारखी वाहत गेली. चाकं वर-खाली नाचत होती, आणि मधे ते स्वतः होते, स्थिर, नमाजात उभं राहावं इतके शांत. डोंगर पायांखालून बोलत होता आणि प्रत्येक शब्द तळव्यांना कळत होता. गुडघा कुठे होता तेही आठवत नव्हतं.

पुढे वाट एका घळीत वळली. तिथे माती मऊ होती. साखळीचाही आवाज नव्हता. वळण घेतलं आणि त्यांनी दोन्ही ब्रेक हळूच दाबले.

वाटेवर लांडगा उभा होता.

पिवळ्या गवताच्याच रंगाचा, पाठीवर काळसर केस, पाय लांबलचक. बाबाजाननी आयुष्यात एकदा लांडगा बघितला होता, जामखेडच्या रस्त्यावर, गाडीच्या उजेडात, पळताना. ती नुसती एक झलक होती. हा उभा होता. त्याच्या डोळ्यांत ऊन होतं. भीती नव्हती. रागही नव्हता. हा कोण, एवढंच तो बघत होता. त्याच्यामागे गवत हललं आणि त्यातून दोन पिल्लं बाहेर आली, कान त्यांच्या डोक्यापेक्षा मोठे. एकाने आईच्या पोटाखालून डोकं काढलं आणि सायकलच्या चाकाकडे टक लावून बघितलं.

म्हणजे ती आई होती.

बाबाजाननी श्वास धरला. पण पाय मागे घ्यावा असं एकदाही वाटलं नाही. एसटीतून आलो असतो तर इंजिनचा आवाज कोसभर आधी पोचला असता. चालत आलो असतो तर दगडांवर चपला वाजल्या असत्या. या डोंगराने आज आपल्याला आवाज न करता घरात घेतलं, असं त्यांना वाटलं, आणि डोळे भरून आले.

लांडगी वळली. घाई न करता, जशी एखादी बाई पोरांना घेऊन दारातून आत जावी, तशी गवतात शिरली. पिल्लं तिच्या शेपटीमागे. गवत थोडा वेळ हललं. मग वाऱ्याचं हलणं आणि त्यांचं हलणं वेगळं करता येईना.

फरहीन धापा टाकत पोचली तेव्हा अब्बा सायकल धरून तसेच उभे होते.

"काय झालं? पुन्हा पडलात?"

त्यांनी तोंडावर बोट ठेवलं आणि खाली मातीकडे दाखवलं. मऊ मातीत पंजे उमटले होते, मोठे, आणि त्यांच्या आजूबाजूला नखाएवढे लहान. त्यांच्यापासून हातभर अलीकडे सायकलच्या टायरची नक्षी येऊन थांबली होती. फरहीन गुडघ्यावर बसली. तिने हात लावायला पुढे केला आणि मागे घेतला.

"लांडगा?" ती कुजबुजली.

"बाई हाय. लेकुरवाळी. दोन पोरं."

"तुम्ही इतक्या जवळ..."

"व्हय."

दोघं तिथे बराच वेळ थांबली. टिटवी ओरडत डोक्यावरून गेली. त्या वाटेने पुढे जायचं नाही, हे कुणी कुणाला सांगितलं नाही. बाबाजाननी सायकल उचलून वळवली, पंजे वाचवत. मग वळणाच्या वर, दुसऱ्या धारेने, दोघांनी ती रस्त्यापर्यंत हळूहळू उतरवली.

टेम्पोत बसल्यावर फरहीनने विचारलं, "कशी वाटली मग?"

बाबाजाननी खिडकीबाहेर बघितलं. माथ्यावर ऊन पसरलं होतं, आणि खालून तिथली वाट दिसतही नव्हती.

"पुढच्या रविवारी अम्मीला घिऊन येऊ," ते म्हणाले. "खाली बसून ती तुला सायकलवरनं येताना बघंल. वरची वाट तुला दावतो. त्या पोरांच्या घराकडनं न्हाई, दुसरी."