रिजेक्ट बुशाची नोकरी

“मला नको हा ठोकळ्या! हल्ली दर वेळी माझ्याच वाट्याला येतो. ह्याचा धक्का लागला की बाकीचे सगळे आडवे!”

सम्यकची ही कुरकुर अगदी माझ्या कानाशी झाली. कान मला नाहीत म्हणा, पण आरपार भोक आहे. त्यातून सगळं ऐकू येतं.

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी बुश आहे. बुश म्हणजे अंगठ्याएवढी पोकळ नळी. मशीनचा दांडा तिच्यात फिरतो. वाळूजच्या कारखान्यांच्या वसाहतीतल्या एका छोट्या कंपनीत, लेथवर, म्हणजे लोखंड फिरवत कापणाऱ्या मशीनवर, माझा जन्म झाला. अंगावरून कूलंटचं दुधाळ पाणी वाहत होतं, चकचकीत किसाची वेटोळी गळून पडत होती आणि मला वाटत होतं, आता आपण कुठल्या तरी मोठ्या मशीनमध्ये बसणार. पण तपासणीत माप घ्यायचा गेज माझ्या भोकातून सुळकन निघून गेला. केसभर जास्त कापला गेलो होतो. डोक्यावर लाल ठिपका लागला. रिजेक्ट!

भंगाराच्या पेटीत पडलो होतो, तेव्हा प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबून कापणाऱ्या मशीनवर, काम करणाऱ्या राजेंद्रनं मला उचललं. सुपरवायझरला दाखवून म्हणाला, “साहेब, हा नेऊ का घरी? आमच्या कारखान्यात एक कामगार कमी पडलाय.”

साहेब हसले. त्यांना काय ठाऊक, हा कारखाना गारखेड्यात, राजेंद्रच्या घरातल्या चटईवर चालतो!

तो होता पुठ्ठ्याच्या पटावरचा खेळ. राजेंद्रच्या मुलांच्या, प्रेरणा आणि सम्यकच्या, मामानं, संघपालनं, पुण्याहून आणलेला. पटावर चौकोन आखलेले: कोळसा, भट्टी, प्रेस, गोदाम. पाळी आली की आपला एक लाकडी कामगार एका चौकोनावर ठेवायचा आणि तिथला माल घ्यायचा. ज्यानं आधी ठेवला त्याची जागा; दुसऱ्यानं पुढच्या फेरीची वाट बघायची. एक लाकडी कामगार राजेंद्रच्या बायकोच्या, निशाच्या, झाडूबरोबर कुठं गेला ते तिलाही सांगता येईना. त्याच्या जागी मी लागलो. जन्मलो तिथं नापास आणि इथं एकदम परमनंट!

राजेंद्र मला नेहमी प्रेसवर ठेवायचा. पटावर सगळ्यात जास्त माल तिथंच मिळतो. “प्रेस आपली की डाव आपला!” म्हणत तो मला असा ठाणकन आपटायचा की चहाचे कप हलायचे.

थोरली प्रेरणा वैतागायची. “पप्पा, घरी पण प्रेसच? कंटाळा नाही येत?”

“अगं, जिथं हात बसलाय तिथंच माणूस बसणार.”

ते माझे मानाचे दिवस होते.

मग एकदा खेळाची पेटी कपाटावर गेली ती कितीतरी दिवस खाली आलीच नाही. घरात औषधांचा वास आणि दबके आवाज. आत पडल्या पडल्या मला तुकड्यातुकड्यानं समजलं. हात आत जाऊ नये म्हणून प्रेसला जाळी असते. माल लवकर निघावा म्हणून कंपनीनं ती काढून ठेवली होती. राजेंद्रच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली.

मित्रांनो, मी केसभर चुकलो तर मला गेज लावून पकडलं. जाळी काढली तेव्हा कुणी काही तपासलं नाही. तुमच्या घरातलं कुणी मशीनवर जात असेल, तर निघताना त्यांना एवढं जरूर विचारा, “जाळी लावलेली आहे ना?” लोखंड काय, वितळवून पुन्हा ओतता येतं.

जखम भरली आणि पेटी खाली आली. पण आता प्रेसचा चौकोन मोकळाच राहू लागला. असा नियम कुणी केला नव्हता. सम्यक हरत असला तरी तिथं कामगार ठेवत नसे. प्रेरणा नुसता कोळसा साठवत बसे. निशा तर पटाच्या त्या कोपऱ्यावर मुरमुऱ्यांची ताटलीच ठेवायची.

परवा सुपरवायझरचा फोन आला. “सोमवारी या. जाळी बसवून घेतलीय. जागा मात्र प्रेसवरच आहे, दुसरीकडं नाही.” राजेंद्र “व्हय साहेब” म्हणाला. तेव्हापासून घरात डब्याचं बोलणं झालं, कंपनीच्या बसचं झालं, शर्टाच्या इस्त्रीचं झालं. जाणार का, हे कुणी विचारलं नाही.

आज रविवार. सम्यकनं कुरकुरत मला पप्पांकडं ढकललं. त्यांची पाळी आली. राजेंद्रनं मला अंगठ्यात आणि उरलेल्या बोटांत धरलं आणि दुसऱ्या हातानं ताटली बाजूला सारली.

“अहो, मुरमुरे सादळतील. आधी खाऊन घ्या,” निशा म्हणाली.

“मम्मी, आत्ताच तर फोडणी दिलीस!” प्रेरणा म्हणाली. हसलं कुणीच नाही.

“पप्पा, भट्टी मोकळी आहे,” सम्यक घाईनं म्हणाला. “मी नाही ठेवत तिथं. तुम्ही ठेवा.”

राजेंद्रनं मला प्रेसवर टेकवलं, पण सोडलं नाही. मी पुठ्ठ्यावर टकटक वाजत होतो. लोखंडाला घाम येत नाही. माझ्या अंगावर होता तो त्याचा.

“उद्या डब्याला मेथी करू की...” निशानं सुरू केलं.

“निशा, थांब जरा.” त्यानं पटावरची नजर काढली नाही. “जाळी बसवलीय, मला माहीत आहे. घर चालवायचंय, ते पण माहीत आहे. पण मी उद्या नाय जाणार. मला त्या मशीनची लई भीती वाटती गं.”