कोपऱ्यातली एच. के.

कम्युनिस्ट राजवट गेल्यावर चेक देशाच्या मोराव्हिया भागातला बंदुकांचा एक कारखाना कसा तगला, यावर भावना वाघमारे सिंगापूरमध्ये पीएच.डी. करत होती. त्या दुपारी वन-नॉर्थ भागातल्या एका छोट्या सभागृहात तिचं भाषण होतं. पडद्यावर १९९२ सालचं ड्रॉइंग होतं, नेमबाजीच्या स्पर्धेसाठी बनवलेल्या पिस्तुलाचं. त्याच पिस्तुलाने कारखाना वाचवला होता. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात दोनच अक्षरं होती, 'एच. के.'

"हे एच. के. कोण, ते मी दोन वर्षं शोधतेय. कंपनीच्या कागदांत नाव नाही," ती म्हणाली.

मागच्या रांगेतला एक गोरा इंजिनियर ताडकन उठला.

"हाना क्रालोवा. माझी आई! आत्ता बुओना व्हिस्टाला माझ्याकडेच आहे. पण चार वाजता तिला विमानतळावर न्यायचंय."

तीन वाजायला आले होते. प्रश्नोत्तरं तशीच टाकून भावना त्या इंजिनियरच्या, मारेकच्या, मागे धावली. एमआरटी मेट्रोचं एकच स्टेशन, तरी तिला बसवेना.

घरात बॅगा बांधून तयार होत्या. चौऱ्याहत्तर वर्षांच्या हानाबाई आंबा खात होत्या. फोनवरचं ड्रॉइंग पाहून त्यांनी हात पुसले, चष्मा शोधला आणि बोलत सुटल्या. मारेक भाषांतर करता करता दमला.

"सैन्याच्या ऑर्डरी एका पत्राने बंद झाल्या. निम्मी माणसं घरी बसली. मी म्हटलं, खेळाडूंसाठी पिस्तूल बनवू. साहेब हसले! मग मी आणि फिटर मिलान, दोघांनी कॅन्टीनच्या टेबलावर ते उभं केलं. फ्रेम मुद्दाम जड ठेवली, म्हणजे गोळी सुटताना नळी उसळत नाही."

"पहिली गोळी कोणी झाडली?"

"मी! दहातल्या नऊ मधोमध."

"मग तुमचं नाव कुठेच कसं नाही?"

"मालक तीनदा बदलले. दर वेळी इतिहास नव्याने लिहिला. मला कोणी विचारलंच नाही."

"मी विचारतेय ना!"

हानाबाईंनी लगेच मिलानला फोन लावला. पलीकडे सकाळ होती. म्हातारा इतका ओरडला, की मारेकला फोन कानापासून लांब धरावा लागला.

"तो म्हणतोय, पहिली सगळी ड्रॉइंगं त्याच्या कपाटात आहेत. कधी येताय?"

 भावना टॅक्सीतही त्यांच्याबरोबर बसली आणि चांगी विमानतळापर्यंत तिने रेकॉर्डिंग चालू ठेवलं. हानाबाईंनी आत जाण्याआधी तिला घट्ट मिठी मारली.

मग तिथेच एका बाकावर बसून तिने आपल्या गाइड मॅडमना मेल लिहिला: "प्रबंधाचं तिसरं प्रकरण पहिल्यापासून लिहिते. आणि मॅडम, मला जूनमध्ये मोराव्हियाला जायचंय. नाही म्हणू नका."