गोधडीची ओटी

विक्रमने, माझ्या नातवाने, तीन दिवसांसाठी भाड्याने मोटारहोम, म्हणजे चाकांवरचं घरच, आणलं, तेव्हा काचीगुड्याच्या आमच्या गल्लीत ते वळेचना. कुकटपल्लीच्या ऑफिसात बसून बसून त्याला छंद लागलाय, गावोगावची लहान संग्रहालयं बघायचा. मी म्हटलं, मीही येते. उदगीरच्या अलीकडे एका निवृत्त मास्तरांनी शाळेच्या खोलीत जुन्या वस्तू मांडल्या होत्या. त्यात माझ्या आईची गोधडी होती. गावचं घर विकताना धाकट्या भावाने, हिम्मतरावाने, मला न विचारता ती देऊन टाकली होती. मला ती परत हवी होती.

वाटेत दोन संग्रहालयं झाली. एकात नुसते कंदील, दुसऱ्यात कुलपं. पाट्या तेलुगू आणि इंग्रजीत. विक्रम वाचायचा, मी ऐकायचे.

"आजी, गाडी मस्त आहे का नाही?"

"मस्त आहे रे. पण चार भांडी घासली की पाणी संपतं."

मास्तरांकडे पाट्या मराठीत होत्या. पहिल्याच पाटीपुढे विक्रम अडला.

"हे काय लिहिलंय?"

"सरक. आता माझी पाळी."

त्याच्या लहानपणी त्याच्यासाठी आणलेल्या मराठी अक्षरांच्या तक्त्यावरून मी पंचावन्नाव्या वर्षी वाचायला शिकले. तो काही धड शिकला नाही.

गोधडी बांबूवर टांगली होती. पाटीवर बोट ठेवून वाचलं. 'जुनी गोधडी. शिवणारी : माहीत नाही. देणगी : हिम्मतराव.' पुन्हा वाचलं. मग मास्तरांना हाक मारली.

"ही माझ्या आईची आहे. न्यायला आलेय."

लक्ष्मणराव मास्तरांनी चष्मा पुसला. "बाई, असं बरेच जण म्हणतात. जुन्या गोधड्या सगळ्या सारख्याच."

"तो लाल कोपरा चाचपा."

"काय आहे त्यात?"

"हळकुंड. शेवटचा टाका घालण्याआधी आई गोधडीची ओटी भरायची. रिकाम्या ओटीची गोधडी लेकरांच्या अंगावर नको, म्हणायची."

मास्तरांनी कोपरा चाचपला. विक्रमनेही चाचपला.

"हौ आजी, आहे की!"

"घेऊन जा," मास्तर म्हणाले. "तुमच्या भावाला मी नाव विचारलं होतं. म्हणाले, आईच होती, आणखी काय नाव?"

हिम्मतचा राग आला, पण तो खोटं बोलला नव्हता. वडील तिला 'अगं' म्हणायचे, गाव 'हिम्मतची आई'. मामा आला की तेवढा नावाने हाक मारायचा. मग ती पदर सावरत, हसत बाहेर यायची.

मी गोधडीची घडी घातली, काखेत धरली. बांबू रिकामा झाला. मास्तर पाटी काढायला लागले.

"थांबा. कोरी पाटी आहे?"

"आहे. सांगा, मी लिहितो. माझं अक्षर बरं आहे."

"असू दे. मीच लिहिते."

बराच वेळ लागला. मास्तर दोनदा मदतीला वाकले आणि मागे सरले. लिहून झाल्यावर मी गोधडी उलगडून पुन्हा बांबूवर टाकली, लाल कोपरा पुढे करून.

"आजी, न्यायची नक्को?"

"राहू दे. आधी हे वाच."

त्याने माझ्यासारखंच अक्षरावर बोट ठेवलं.

"शिवणारी... चं... चंद्र..."

"हां. पुढे?"