मणक्यातलं बिऱ्हाड

मी एक पेशी बोलतेय. फरशी बसवणाऱ्या एका बापाच्या कमरेतल्या मणक्यातून. घाबरू नका, तुमच्यात नाहीये मी. बहुतेक.

जन्म माझा इथला नाही. खाली, मूत्राशयाच्या तळाशी प्रोस्टेट नावाची अक्रोडाएवढी ग्रंथी असते, तिथली मी. तिथं नेमून दिलेलं काम करायचं आणि वेळ आली की निमूट मरायचं, असा रिवाज. मी मेले नाही. वाढत गेले.

बाप सारखा बाथरूमला पळायचा. हा माणूस बसवलेली एकेक फरशी हातोडीच्या दांड्यानं ठोकून ऐकायचा. पोकळ वाजली की उखडायचा. स्वतःला मात्र कधी ठोकून पाहिलं नाही. मुलगा म्हणाला, "बाबा, तपासून घ्या की."

"कॉलेज सोडलेल्यानं मला अक्कल शिकवू नये. वय झालं की होतंच."

शेजारी बसलेले काका, बापाचे थोरले भाऊ, खो खो हसले. "डॉक्टर कुठं बोट घालतो, माहितीय ना रे?"

झालं. लाज राखली गेली. मला तेवढी सवड पुरली.

मी रक्तात उतरले. हाडं एक रसायन सोडत असतात. आपल्या माणसांना घरी बोलवायची हाकच ती. माझ्यासाठी नव्हती. मी ओ दिली.

आत काळोख. हाड फोडणारे पेशी-कामगार तिथं, बांधणारेही तिथंच. मी बांधणाऱ्यांना खुणावलं. ते वेड्यासारखे बांधत सुटले, त्यांनीच फोडणाऱ्यांना निरोप धाडला. हाड फुटलं की त्यात पुरलेलं वाढीचं खाद्य सुटतं. मी खायचे, पुन्हा खुणवायचे. तू कोण, असं कुणी विचारलंसुद्धा नाही.

एका दुपारी फरश्यांचा खोका उचलताना तो मणका पिचला. एक्स-रेच्या फोटोत पांढराशुभ्र, भरीव दिसत होता. नुसताच दिसत होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कॅन्सर हाडात पोचलाय. आता काढता नाही येणार. दाबून ठेवू."

इंजेक्शनं देऊन त्यांनी बापाच्या अंगातलं पुरुषी संप्रेरक तोडलंय. माझं तेच अन्न. उपाशी पडलेय, डोळे मिटून. मेलेली नाही.

काल काका भेटायला आले. चहा संपेपर्यंत दोनदा बाथरूमला जाऊन आले.

"काका, तुम्ही तरी तपासून घ्या," मुलगा म्हणाला.

"कॉलेज सोडलेल्यानं..." काका सुरू झाले.

मुलानं बापाकडे पाहिलं. बापाचा एक शब्द पुरला असता. बापानं पलंगावरून हात खाली सोडून फरशीवर बोटाच्या पेरानं ठोकलं, कान देऊन ऐकलं, आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

मोठ्यांनो, तुमची लाज अशीच जपा. आम्हाला एवढीच जागा लागते.