काकांच्या जिभेखाली

लेकीचं कौतुक तिच्या तोंडावर करायचं नाही, हा आईचा खाक्या होता. शाळांचे गणवेश शिवून तिने मुलीला डॉक्टर केलं, पण निकाल लागला तेव्हा "बरं झालं" एवढं म्हणून ती पुन्हा मशीनवर बसली. त्यात मुलीने विषय निवडला तो असा, की चारचौघांत सांगायचीही पंचाईत. इतरांची मुलं हृदय उघडायची, मेंदूत हात घालायची. ही आयसीयूत अत्यवस्थ रोग्यांच्या जिभेखाली छोटासा कॅमेरा धरून केसाहून बारीक रक्तवाहिन्या बघत बसायची.

धाकटे दीर बस चालवायचे. घरी आले की दारातूनच हाक, "काय म्हणतेय आमची जीभवाली डॉक्टरीण?" सगळे खो-खो हसायचे, मुलगीसुद्धा. आईला मात्र ते लागायचं. पण या कामाचा उपयोग काय, हे तिला तरी कुठे धड ठाऊक होतं?

एका सकाळी त्याच दिरांना डेपोत हृदयविकाराचा झटका आला.

आई जावेला घेऊन हॉस्पिटलात धावली, तोवर तुंबलेली रक्तवाहिनी उघडून स्टेंट बसवून झाला होता. पण हृदयाने जबर मार खाल्ला होता. अंगभर पुरेल एवढं रक्त ढकलणं त्याला झेपेना. औषधांच्या जोरावर रक्तदाब सावरून धरला होता. मॉनिटरवरचा आकडा बरा दिसला, तशी जावेच्या जिवात जीव आला. आईने दिरांच्या पायांना हात लावला. पाय बर्फासारखे गार. गुडघ्यांवर जांभळट जाळी उमटलेली.

"आकडा चांगला आहे ना? मग पाय असे का गं?" तिने लेकीला विचारलं.

"तेच बघायचंय, आई."

लेकीने मोठ्या डॉक्टरांना आधीच सांगून टाकलं होतं, "सर, हे माझे सख्खे काका आहेत. निर्णय तुम्हीच घ्या. मला फक्त बघू द्या." काकूचा होकार घेऊन तिने कॅमेरा काकांच्या जिभेखाली अलगद टेकवला. घरात कप उचलताना चहा सांडणारी ही पोरगी, पण आता तिचा हात जराही हलत नव्हता.

पडद्यावर राखाडी जागेत बारीक काळ्या रेघा उमटल्या. काहींत ठिपके अडखळत पुढे जात होते. बऱ्याच रेघांत ते जागच्या जागी थिजले होते.

"हे ठिपके म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशी, काकू," लेक म्हणाली. "शरीराला प्राणवायू मिळतो तो शेवटी या बारीक वाहिन्यांतून. मोठ्या वाहिन्यांत दाब आहे, पण इथपर्यंत रक्त नीट पोचत नाहीये."

मोठे डॉक्टर विचारात पडले. "हृदयाला आधार द्यायला पंप घालता येईल. पण त्यात रक्तस्रावाचा धोका आहे. दाब टिकलाय, तर थोडं थांबू या."

"सर, दाब टिकवायला आपण औषध वाढवत चाललोय. लघवी कमी झालीये, रक्तात लॅक्टेट चढतंय, म्हणजे पेशींना प्राणवायू कमी पडतोय, आणि इथे हे असं. थांबलो तर मूत्रपिंडं हातची जातील, असं मला वाटतं."

"पुतणी म्हणून घाई होत नाहीये ना तुझी?"

आता ही रडणार, असं आईला वाटलं.

"होत असेल, सर," लेक शांतपणे म्हणाली. "म्हणून तर म्हणते, माझ्या शब्दावर जाऊ नका. तुम्हीच बघा." आणि तिने कॅमेरा त्यांच्या हातात दिला.

त्यांनी वेगवेगळ्या जागी टेकवून पाहिलं. गुडघे पाहिले, रक्ताचे रिपोर्ट पुन्हा वाचले. मग मान वर न करताच म्हणाले, "पंपाची तयारी करा."

मांडीतल्या धमनीतून बोटभर पंप हृदयात सरकवला गेला. दुपारी औषधाची मात्रा हळूहळू उतरवायला लागले, तेव्हा लेकीने पुन्हा कॅमेरा लावला आणि आईला जवळ ओढलं. ठिपके एकामागोमाग सरकत होते. सगळ्या रेघांत नाही, पण बऱ्याच. आई पदर तोंडाला लावून बघतच राहिली.

"अजून धोका टळलेला नाही हं," लेक म्हणाली.

"कळतंय मला," आई म्हणाली. पण तिची नजर पडद्यावरून हलेना.

दीर वाचले. पंप निघाला, मूत्रपिंडं शाबूत राहिली. हृदय अशक्तच राहिलं, बस कायमची सुटली. पण वॉर्डात भिंतीला धरून का होईना, ते चालायला लागले.

त्यांना घरी न्यायच्या दिवशी आयसीयूबाहेरच्या बाकावर एक बाई डोळे पुसत बसली होती. तिच्या नवऱ्याचीही तीच गत. तिने आईला विचारलं, "ती तरुण डॉक्टर जिभेखाली काहीतरी बघायचं म्हणतेय. होकार देऊ का हो? केवढीशी तर दिसते."

"माझी मुलगी आहे ती!" आई एवढ्या मोठ्याने म्हणाली, की नर्सने वळून पाहिलं. मग ती बाईच्या शेजारी ऐसपैस बसली आणि बारीक वाहिन्या काय असतात, नुसत्या आकड्यावर का विसंबायचं नाही, लेकीने मोठ्या डॉक्टरांपुढे कशी मान ताठ ठेवली, सगळं साग्रसंगीत सांगू लागली. मागे कधीतरी लेक येऊन उभी राहिली होती. तिचे कान लाल झाले.

"आई, पुरे गं. लोक ऐकतायत."

"ऐकू देत," आई म्हणाली. "तू जा आत. माझं अजून सांगून झालेलं नाही."